वाचनालयाच्या संगणकातील कार्ड बदलले नसल्याबाबत

पत्र्यावर पडणाऱ्या लाकडी हातोडीचा आवाज, ठक-ठकाठक, जरा थांबून पुन्हा ठक, हा माझ्या जबाबातला पहिला मुद्दा समजावा, असे मी म्हणालो. त्यावर पोलीस नाईक उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, आधी नाव, वय, धंदा, पत्ता. हातोडी नंतर." म्हणून त्या क्रमाने लिहीत आहे. मी सांगताना स्वल्पविरामसुद्धा सांगतो, त्याला कंटाळून मॅडमनी कागद-पेन माझ्याच हाती दिले. सबब हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे.

नाव रोहिदास लहान्या वारघडे, वय एकाहत्तर, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, हल्ली गावच्या वाचनालयाची पुस्तके सांभाळतो, राहणार मोखाडा, जिल्हा ठाणे.

आज दिनांक ४ फेब्रुवारी २००४ रोजी जव्हार येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून लिहून देतो की, आमच्या वाचनालयाचे चिटणीस धर्मेंद्र जिव्या झुगरे यांनी मंसूर इब्राहिम, संगणक दुरुस्ती दुकानदार, राहणार जव्हार, याच्याविरुद्ध अर्ज दिला आहे. वाचनालयाचा संगणक दुरुस्तीला दिला असता मंसूरने आतले चांगले ग्राफिक्स कार्ड काढून घेतले व त्याच नावाचे हलके कार्ड बसवून फसवणूक केली, असे अर्जात म्हटले आहे. चौकशीत तसे दिसल्यास मंसूरवर गुन्हा दाखल होणार, हे मॅडमनी मला समजावून सांगितले आहे. मी दोघांनाही ओळखतो. दोघेही माझे विद्यार्थी आहेत.

मंसूरला मी त्याच्या जन्माआधीपासून ओळखतो असे म्हटल्यास चूक होणार नाही. माझी नोकरी जव्हारला होती तेव्हा आमचा वर्ग एका भाड्याच्या खोलीत भरे. भिंतीपलीकडे त्याचे वडील इब्राहिमभाई यांचे पत्रेकामाचे दुकान होते. बादल्या, नरसाळी, कपड्यांच्या पेट्या असे ते बनवीत. त्यांची हातोडी आमच्या वर्गात ऐकू येई. मुले कविता म्हणत ती नकळत त्या ठेक्यावर. पुढे पुढे इब्राहिमभाई सकाळी भिंतीवरून विचारू लागले, "मास्तर, आज कुठली? सावकाश की पळती?"

"सावकाश."

"मग आज पेटीचं झाकण घेतो. बादली उद्या."

एकदा तपासणीस साहेब आले. साहेबांचा मान राखावा म्हणून इब्राहिमभाईंनी काम थांबवले. मी मुलांना कविता म्हणायला सांगितली. सगळा वर्ग उभा राहिला, तोंडे उघडली, पण आवाज फुटेना. शेवटी मी भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवले. पलीकडून विचारणा झाली, "चालू करू काय?" आणि हातोडी पडली तशी चाळीस मुले एका सुरात निघाली. साहेबांनी शेऱ्यात लिहिले, पाठांतर उत्तम, साथ त्याहून उत्तम.

या ठिकाणी मॅडमनी विचारले, "गुरुजी, याचा कार्डाशी काय संबंध?" संबंध पुढे येतो, असे मी सांगितले आहे.

काही वर्षांनी मंसूर त्याच भिंतीच्या या बाजूला माझ्या वर्गात येऊन बसला. पाठ्यपुस्तकात नदीवरच्या नावाड्याची एक कविता होती. पुस्तकात तिची चार कडवी होती. कवीच्या मूळ संग्रहात सात आहेत. माझी सवय अशी की, पुस्तकातली कविता शिकवून झाली की उरलेली कडवी मी फळ्यावर लिहीत असे. परीक्षेला येणार नाहीत, तरी ऐका, असे म्हणत असे. त्या दिवशी मंसूरने हात वर केला. "गुरुजी, ही तीन कडवी पुस्तकवाल्यांनी चोरली काय?" मी म्हणालो, "चोरली नाहीत रे. गाळली." त्याने पुन्हा विचारले, "मग नाव तेच कशाला ठेवलं?" शिपाई घंटा देत होता, तिच्यावर वेळ मारून नेली.

संगणकाबाबत माहिती पुढीलप्रमाणे. मागील वर्षी पाऊस ओसरल्यावर ठाणे शहरातील एका देणगीदाराने वाचनालयास संगणक दिला. तो एका मोठ्या कंपनीचा, कारखान्यातच जोडून, खोक्यात बंद होऊन आलेला होता. खोके माझ्यासमोर उघडले. सोबतच्या कागदावर आतल्या ग्राफिक्स कार्डाचे इंग्रजी नाव व पुढे आकडे होते. पडद्यावर चित्र उमटवायचे काम हे कार्ड करते, असे मला नंतर समजले. त्याला मागे कोणती भोके आहेत, आत काय आहे, हे त्या कागदावर नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वाचनालयात संगणकाची पूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ पुजतात. संगणक हे वाचनालयाचे हत्यार, म्हणून तोही पुजावा असे ठरले. धर्मेंद्र त्या दिवशी कचेरीच्या कामाने ठाणे शहरी गेले होते. हजर मी, झाडलोट करणारी चैती आणि गावातली एक वयस्कर माउली, असे तिघे होतो. मी वरच्या डब्याला कुंकू लावणार, तोच त्या माउलीने माझा हात धरला.

"गुरुजी, मानसाच्या टोपीला कुकू लावतास काय? कपालाला लाव. याचा कपाल कुठं हाय?"

मी म्हणालो, "कपाळ आत असावे."

"मग उघड ना."

चैती हसत सुटली. मी पेचकस आणला व बाजूचा पत्रा काढला. वायर भिंतीतून काढलेली होती, हे मुद्दाम नमूद करतो. आत हिरव्या पात्यांसारखी दोन-तीन कार्डे उभी होती. त्यांतले सर्वांत रुंद, ज्याला लहानसा पंखा आहे, ते माउलीला कपाळासारखे वाटले. तांब्याच्या पाण्यात बोट बुडवून, कुंकवात टेकवून तिने त्या कार्डाच्या वरच्या अंगाला टिकली लावली. हात काढताना बोट घसरले आणि टिकलीखाली एक ओघळ कडेपर्यंत गेला. ती म्हणाली, "घाम आला त्याला. काम करनार हा." नंतर मी पत्रा लावला. संगणक त्यानंतरही उत्तम चालला.

जानेवारीत रस्त्याच्या तांबड्या धुळीने पंखा घरघरू लागला. जव्हारला मंसूरचे दुकान आहे म्हणून धर्मेंद्र यांनीच संगणक जीपमधून तिकडे पाठवला. काही दिवसांनी मंसूर तो परत घेऊन आला तेव्हा मी वाचनालयात होतो. तो म्हणाला, "गुरुजी, धूळ सगळी काढली. कार्डावर कुंकू आहे ते तसंच ठेवलंय. पूजेचं आहे, मी कसं पुसू?" मी त्याला चहा पाजला. त्याच वेळी धर्मेंद्र यांनी त्याला विचारले की, या संगणकावरची चित्रे मोठ्या टीव्हीवर दिसतील काय. मंसूरने कागदावरचे कार्डाचे नाव वाचून सांगितले, "दिसतील की. हेच कार्ड मी इथल्या फोटो स्टुडिओत बसवलंय, त्याला टीव्हीचं गोल भोक आहे. वायर तेवढी आणा." त्याने संगणकाच्या मागे वाकून पाहिले नाही. धर्मेंद्र यांनीही पाहिले नाही. मीही पाहिले नाही. नाव वाचले की ओळख पटली, असे आम्हां तिघांनाही वाटले.

दिनांक २६ जानेवारी रोजी संध्याकाळी वाचनालयापुढे कार्यक्रम ठेवला होता. गावातली जुनी छायाचित्रे धर्मेंद्र यांनी घरोघर फिरून जमवली होती व संगणकात घातली होती. शाळेची पहिली इमारत श्रमदानाने बांधताना एका पाहुण्याने काढलेले एक छायाचित्र त्यांत होते. धर्मेंद्र यांचे वडील जिव्या झुगरे त्यात डोक्यावर दगड घेऊन उभे आहेत. जिव्याभाऊ वारल्यास बरीच वर्षे झाली. त्यांचे दुसरे छायाचित्र घरात नाही. मोठा टीव्ही मागून आणला होता. धर्मेंद्र यांच्या मातोश्री गोजाबाई पहिल्या रांगेत नवे लुगडे नेसून बसल्या होत्या. "आमचा म्हातारा दिसल ना रं यात?" असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हटले. त्यांनी दोन्ही हात पसरून विचारले, "एवढा?" मी म्हटले, एवढा.

वायर लावायची वेळ आली तेव्हा संगणकाच्या मागे गोल भोक नव्हते. टीव्ही निळा राहिला. लोक बराच वेळ त्या निळ्याकडे पाहत बसले. मागून कोणीतरी म्हणाले, "चिटणीससाहेब, आभाळ दाखवताय की समुद्र?" हशा झाला. संगणकाच्या लहान पडद्यावर छायाचित्रे दाखवता आली असती. ते मी सुचवण्याआधीच धर्मेंद्र यांनी बटण बंद केले. गोजाबाई उठल्या. लुगड्याचा पदर सावरून घरी गेल्या.

त्यानंतर धर्मेंद्र यांच्या ठाणे शहरातील पुतण्याने त्याच नावाच्या कार्डाचे दुकानातून घेतलेले खोके आणून दाखवले. खोक्यावर गोल भोकाचे चित्र होते व मेमरी आमच्या कार्डाच्या दुप्पट लिहिलेली होती. नाव व आकडे अक्षरशः तेच. संगणक उघडून आमचे कार्ड पाहिले तर भोक असायला हवे त्या जागी बारीक ठिपके व रेषा होत्या, पण भाग बसवलेला नव्हता. ते पाहून पुतण्या म्हणाला, "काका, उपटलंय बघा." धर्मेंद्र यांनी तिथूनच अर्ज द्यायला जव्हारची एस.टी. धरली.

याबाबत मी मंसूरला भेटलो. त्याच्या दुकानाचे शटर अर्धे खाली होते. अर्जाची बातमी पसरल्यावर लोक आपापले संगणक दुरुस्त न करताच उचलून नेत होते. मी मंसूरला सरळ विचारले, "काढलेस काय?"

तो म्हणाला, "गुरुजी, मला पण आधी कळलं नाही. मी स्वतः घाबरलो, वाटलं माझ्या दुकानात कुणी हात मारला. मुंबईला जाऊन विचारून आलो. हे कार्ड दोन प्रकारचं निघतं. एक खोक्यात घालून गिऱ्हाइकाला विकतात ते. दुसरं ओईएम, म्हणजे संगणकाची कंपनी घाऊक घेते आणि कारखान्यातच मशीनमध्ये बसवते ते. तिला जेवढं पाहिजे तेवढंच त्यात ठेवतात. मेमरी कमी, टीव्हीचं भोक नाही. नाव मात्र तेच." मग तो म्हणाला, "तुम्ही उरलेली कडवी फळ्यावर लिहायचात ना? आपलं कार्ड पुस्तकातली कविता आहे गुरुजी. ठाण्याच्या खोक्यातलं ते अख्खी कविता. मी चोरलं नाही. गाळलेलंच आलंय."

त्याची पत्नी शिरीन कपडे शिवते. ती आतून म्हणाली, "आणि त्या ठिपक्यांचं म्हणाल तर सदऱ्याला खिशाची खूण केली, पण खिसा शिवलाच नाही. मग कापला म्हणून आमच्या माणसाला का धरता?"

मी त्या दिवशी घरी येऊन संग्रहातली ती कविता पुन्हा वाचली. गाळलेल्या कडव्यांत नावाडी पैलतीरावर उतरतो. पुस्तकातल्या कवितेत तो मध्येच वल्हवत राहतो. कितीतरी मुले त्याला नदीतच सोडून मोठी झाली. गाळणाराला पानावर जागा कमी पडली असेल, त्याला दोष नाही. पण वर "काही कडवी गाळली आहेत" असे एक ओळभर छापले असते तर कोणी कोणाला चोर म्हटले नसते. हेच कार्डाच्या कंपनीबाबत माझे म्हणणे आहे. मॅडमनी हा परिच्छेद काढा असे सांगितले आहे.

आज सकाळी पोलीस ठाण्यात जमा असलेला संगणक उघडण्याआधी मॅडमनी मला विचारले, "कुंकू कुठे आहे ते न पाहता सांगा." मी सांगितले, पंखा असलेल्या रुंद कार्डाच्या वरच्या अंगाला टिकली, तिच्याखाली कडेपर्यंत ओघळ. पत्रा काढला. तसेच आढळले. कार्ड मागील दसऱ्यापासून तेच आहे, ते कोणीही बदललेले नाही, असे माझे ठाम सांगणे आहे.

यावर मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, मला तुमचं पटतंय. पण मला पटून काय होणार? वर साहेब विचारतील. कुंकू कुणालाही लावता येतं. मंसूरनं दुकानात जुनं पुसून नवीन कार्डाला तसंच लावलं असेल, आणि तुम्ही त्याचे गुरुजी."

"कंपनीला विचारा."

"पत्र धाडलंय. फोनवर गाणं वाजतं नुसतं. लावणारीला आणा. तिचं बोट, तिची खूण, तिनं सांगितलं तर अर्ज इथंच निकाली काढते."

चैती दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, ती पावसाआधी परतणार नाही. राहिली ती माउली. मॅडमनी तिचे नाव तीनदा विचारले. मी ते सांगितले नाही व या जबाबातही लिहीत नाही. माझ्या स्मरणशक्तीचा यात दोष नाही. त्या बाईंना ज्या घरात राहायचे आहे, ज्या चुलीवर भाकरी टाकायची आहे, तिथे माझ्या लेखणीमुळे कोणाशी अबोला यावा असे मला वाटत नाही. त्यांना मी काही निरोपही धाडलेला नाही. मंसूर बाहेर बाकावर बसला आहे, त्याला ही गोष्ट मी सांगितली. तो म्हणाला, "नका सांगू गुरुजी. घर फुटायला नको." त्याने हे म्हटल्याने मला नाव न लिहिणे अधिकच जड जात आहे, एवढे मात्र लिहितो.

धर्मेंद्र यांच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. वर्गात तो सर्वांत आधी उभा राहून कविता म्हणायचा व घाईत शेवटची ओळ आधी म्हणून टाकायचा. त्या संध्याकाळी आईपुढे त्याला जे दाखवायचे होते ते दाखवता आले नाही. राग कोणावर तरी निघायचा होता, तो मंसूरवर निघाला. त्याने आजवर मला उलट उत्तर दिलेले नाही. काल मी त्याच्या ओटीवर जाऊन कुंकवाची गोष्ट काढली, बोट कोणाचे ते मात्र बोललो नाही. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं मन मोठं आहे, पण तुम्हांला सगळेच वर्गातले दिसतात." आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी उठून आलो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. मॅडमनी तो ऐकला. त्यांनी काढा म्हटलेला परिच्छेद त्यांच्याच परवानगीने राहिला आहे. यात मी वाढवलेले काही नाही. गाळले आहे ते एक नाव, व ते जाणून गाळले आहे. बाकी सर्व खरे व बरोबर असल्याबद्दल सही करतो.

सही करण्यास पेन टेकवले असता बाहेर बाकाचा आवाज झाला. मंसूर उठून उभा राहिला होता. मला वाटले साहेब आले. पण दारात गोजाबाई होत्या. चपला त्यांनी पायरीखाली काढल्या होत्या. मोखाड्याहून एस.टी.ने आल्या असाव्यात, सोबत कोणी नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मंसूरकडेही पाहिले नाही. सरळ टेबलापर्यंत आल्या आणि उजव्या हाताचे बोट पुढे धरून मॅडमना म्हणाल्या,

"बाय, त्या मशीनला कुकू मी लावलाय. गुरुजी नाय सांगायचे. माझा नाव लिव."